पोलिसाचा खर्च कोणी सोसायचा?

दरवर्षी मार्च महिन्यात राज्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो आणि त्यापाठोपाठ खातेनिहाय मागण्या येतात. त्यांत गृह विभागाची पोलीस प्रशासनाची मागणी असते. या मागणीवर सदस्य तावातावाने बोलतात. कोठे खून पडला, कोठे दरोडा पडला, कोणत्या निरीक्षकाची बदली झाली नाही, कोणत्या कार्यकर्त्यावर खोटा गुन्हा दाखल झाला, याची जंत्री सादर होते. विरोधी बाक गृहमंत्र्यांचा राजीनामा मागतात. सत्ताधारी बाक मागील सरकारच्या काळातील आकडे वाचून दाखवतात. अखेरीस आवाजी मतदान होते आणि हजारो कोटी रुपयांची मागणी संमत होते. या रकमेतील किती रुपये वेतनावर जाणार, किती इंधनावर, किती प्रशिक्षणावर, आणि एखाद्या आडगावच्या ठाण्यातील पंचनाम्याच्या कागदापर्यंत त्यातील किती पोहोचणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अर्थसंकल्पाच्या चर्चेत अर्थाचाच विचार होत नाही, ही आपल्या संसदीय जीवनातील जुनी विसंगती आहे. पोलीस खात्याच्या बाबतीत तिचे मोल मात्र फार जबर मोजावे लागते.

कौटिल्याने राज्याची जी सात अंगे सांगितली, त्यांत कोश आणि दंड ही दोन अंगे एकामागोमाग येतात. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. कोश दुबळा असेल तर दंड दुबळा होतो आणि दंड दुबळा झाला की कोशाचे रक्षण करणारे कोणी उरत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी सैनिकांना व अधिकाऱ्यांना वतने तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्याचा कटाक्ष ठेवला, त्यामागेही हेच तत्त्व होते. ज्याचे पोट सरकारी खजिन्यावर चालते तो राज्याशी बांधलेला राहतो. ज्याला आपल्या पोटाची सोय रयतेतून स्वतःच करावी लागते, तो हळूहळू रयतेचा भक्षक बनतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राला उमगलेले हे सत्य आजच्या महाराष्ट्राच्या गृहखात्याला किती उमगले आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे पोलीस दलाच्या खर्चाचा मुख्य भार राज्याच्याच तिजोरीवर पडतो. ही तिजोरी भरते वस्तू व सेवा करातील राज्याच्या वाट्यातून, पेट्रोल-डिझेलवरील करातून, घर घेताना भरल्या जाणाऱ्या मुद्रांक शुल्कातून, वाहन नोंदणीच्या करातून आणि मद्यावरील उत्पादन शुल्कातून. म्हणजे महिन्याचा किराणा भरणारी गृहिणी आणि दुचाकीत पेट्रोल भरणारा कारकून हे दोघेही पोलिसाच्या पगाराला हातभार लावत असतात. चौकात वाहतूक पोलीस दंड वसूल करतो तेव्हा ती रक्कम त्याच्या खात्यालाच मिळत असावी, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. दंडाची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते आणि तेथून विधिमंडळाच्या संमतीखेरीज एक रुपयाही बाहेर येत नाही. ही रचना योग्यच आहे. पोलिसाच्या वसुलीवर पोलिसाचे पोट अवलंबून ठेवणे कोणत्याही राज्याला परवडणारे नाही.

राज्याच्या पैशाला केंद्राची जोड मिळते. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून चालू झाली. शस्त्रे, वाहने, दळणवळण यंत्रणा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांसाठी ही मदत असते आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असे तिचे प्रमाण आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने या व्यापक योजनेला देशभरासाठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर केले. नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील सुरक्षाविषयक खर्चाची प्रतिपूर्तीही केंद्र करते. याखेरीज जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून वाहने मिळतात आणि पालकमंत्र्यांच्या हस्ते त्यांच्या किल्ल्या दिल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. छायाचित्रात नव्या गाडीचा हार दिसतो. त्या गाडीत वर्षभर घालायच्या डिझेलची तरतूद कोठे आहे, ते छायाचित्रात दिसत नाही.

आता हा पैसा जातो कोठे, ते पाहावे. शासनाच्या हिशेबात पोलीस खात्याचा चालू खर्च २०५५ या मुख्य लेखाशीर्षाखाली आणि भांडवली खर्च ४०५५ खाली नोंदला जातो. ही दोन शीर्षे शेजारी ठेवून पाहिली, तरी सारे चित्र स्पष्ट होते. खात्याच्या रुपयातील ८० पैशांहून अधिक रक्कम वेतन व भत्त्यांवर खर्च होते. यात गैर काही नाही. पोलीस दल म्हणजे माणसे आणि सुमारे दोन लाख माणसांच्या दलाचा पगार मोठाच असणार. प्रश्न उरलेल्या पैशांचा आहे. त्यातूनच इंधन, वीज, दूरध्वनी, प्रवास, गणवेश, दारूगोळा, संगणक, इमारतींची डागडुजी आणि प्रशिक्षण भागवायचे असते. देशभरातील राज्ये आपल्या पोलीस खर्चापैकी प्रशिक्षणावर जेमतेम सव्वा टक्का खर्च करतात. ज्याच्या हाती शस्त्र आणि अटकेचा अधिकार द्यायचा, त्याला घडवण्यासाठी शंभरातील सव्वा रुपया! एखादे मध्यमवर्गीय कुटुंब मुलाच्या शिकवणीवर याहून मोठा वाटा खर्च करते.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून ठाण्याच्या उंबरठ्यावर आले की चित्र अधिकच विदारक होते. महाराष्ट्रात अकराशेहून अधिक पोलीस ठाणी आहेत. सामान्य माणसाच्या लेखी ठाणे म्हणजेच सरकार. पण या ठाण्याला स्वतःचे म्हणावे असे अंदाजपत्रक नाही. पैसा येतो तो अधीक्षकाच्या किंवा आयुक्ताच्या कार्यालयात. आहरणाचे व संवितरणाचे अधिकार तेथे, कोषागाराची देयके तेथे, आणि ठाण्याच्या पदरी पडते ते ठरावीक लिटर इंधन आणि मागणीपत्रांना मिळणारी उत्तरे. तालुक्याच्या गावातून एखादी मुलगी बेपत्ता होते. चार दिवसांनी तिचा माग परराज्यातील एखाद्या शहरात लागतो. एक उपनिरीक्षक, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई यांना तातडीने निघायचे असते. रेल्वेचे तिकीट, तेथील भाड्याची गाडी, मुक्काम, चौघांचे जेवण, परतताना मुलीचे तिकीट, हा सारा खर्च त्या क्षणी करायचा असतो. प्रवासभत्त्याचे देयक मंजूर होते ते कित्येक महिन्यांनी, त्यातही काटछाट होऊन. मग ठाण्यातून मुलीच्या बापालाच विचारणा होते, ‘गाडीची काही व्यवस्था होईल का?’ बाप कर्ज काढतो, गाडी करून देतो आणि मुलगी सुखरूप मिळाली तर पोलिसांचे उपकारही मानतो. ज्या कामासाठी त्याने कर भरला, त्याच कामाची किंमत त्याने दुसऱ्यांदा चुकती केलेली असते. जो बाप गाडी करून देऊ शकत नाही, त्याच्या मुलीचा तपास कितपत वेगाने होतो, याचे उत्तर कोणत्याही सज्जन अधिकाऱ्याने मनाशी प्रामाणिकपणे द्यावे.

येथेच खऱ्या रोगाचे मूळ आहे. सरकारी तिजोरीतून जे येत नाही, ते दुसऱ्या कोठून तरी येते. अनोळखी मृतदेहाच्या अंत्यविधीपासून मुद्देमालाच्या सुतळीपर्यंत सारे काही ‘जमवावे’ लागते. जमवण्याची सवय लागली की गरजेपुरते जमवणे आणि स्वतःसाठी जमवणे यांतील रेघ पुसली जाते. प्रामाणिक अंमलदार खिशातून खर्च करून थकतो. अप्रामाणिकाला तर निमित्तच हवे असते. वाळूवाला, गुटखेवाला, मटकेवाला आणि दारूचा धंदेवाला असे जे लोक ठाण्याचा खर्च आनंदाने उचलायला तयार असतात, त्यांचा त्यात कोणता लाभ असतो, हे सांगायला नको. २०२१ मध्ये मुंबईच्या एका माजी आयुक्तांनी तत्कालीन गृहमंत्र्यांवर दरमहा १०० कोटी रुपयांच्या वसुलीचे लक्ष्य दिल्याचा आरोप लेखी केला. मंत्र्यांनी तो फेटाळला, पद सोडले आणि प्रकरण तपास यंत्रणांकडे व न्यायालयात गेले. त्याचा निवाडा न्यायालयच करील. परंतु तो आरोप ऐकून सामान्य माणसाला आश्चर्य वाटले नाही, ही गोष्ट आरोपाइतकीच गंभीर आहे. पोलीस खात्याचे एक अंदाजपत्रक विधिमंडळात मांडले जाते आणि दुसरे कोठेच मांडले जात नाही, हे लोकांनी जणू गृहीत धरले आहे.

या दुसऱ्या अंदाजपत्रकाची किंमत किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने १९९३ मध्ये पाहिले आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी येथे स्फोटके उतरली. ती वाहून नेणारी वाहने वाटेत अडवली गेली होती. लाच घेऊन ती सोडण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे घडले, त्यात अडीचशेहून अधिक निरपराध माणसांचे प्राण गेले. विशेष टाडा न्यायालयाने पुढे सीमाशुल्क अधिकाऱ्यांसह काही पोलिसांनाही दोषी ठरवले. चांदीची तस्करी आहे असे समजून डोळेझाक करणाऱ्या हातांनी प्रत्यक्षात देशाच्या शत्रूला वाट करून दिली. हप्ता हा केवळ नीतीचा प्रश्न नसून राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

हप्त्याहून सभ्य दिसणारा एक मार्ग आहे, तो देणगीचा. चौकातील लोखंडी अडथळ्यांवर सराफांच्या आणि बिल्डरांच्या जाहिराती असतात. पोलीस चौकीवर ‘यांच्या सौजन्याने’ अशी पाटी असते. कोणी कॅमेरे देतो, कोणी मोटारसायकली. देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू शुद्धच असतो आणि समाजाने आपल्या रक्षकांना साहाय्य करावे, यात वावगे काही नाही. मात्र देणगी कोण देतो, कशासाठी देतो आणि तिची नोंद कोठे होते, याचा जाहीर हिशेब असला पाहिजे. ज्याच्या नावाची पाटी चौकीवर आहे, त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच चौकीत घेऊन जाणाऱ्या गरिबाच्या मनात काय येत असेल, याचा विचार व्हायला हवा.

पैशाचा तुटवडा आणि असलेल्या पैशाचा वेळेवर न झालेला विनियोग यांचे फळ २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या पदरात पडले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या जिहादी दहशतवाद्यांसमोर आपले पोलीस जुनाट थ्री नॉट थ्री रायफली आणि लाठ्या घेऊन उभे होते. त्या घटनेची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये जो अहवाल दिला, त्यातील एक नोंद वाचून मन विषण्ण होते. शीघ्र प्रतिसाद पथकाला दारूगोळ्याच्या टंचाईमुळे सप्टेंबर २००७ पासून नेमबाजीचा सरावच मिळाला नव्हता. ज्या पथकाने क्षणार्धात प्रत्युत्तर द्यायचे, त्या पथकाला चौदा महिने गोळी मिळत नव्हती. देशाच्या आर्थिक राजधानीच्या रक्षकांची ही अवस्था होती. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी घट्ट धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. साताऱ्याच्या केडंबे गावातून आलेल्या त्या वीराला राष्ट्राने अशोकचक्र दिले. त्याचे शौर्य अजोड होते. त्याच्या हाती लाठी होती, ही मात्र व्यवस्थेची नामुष्की होती. शौर्याचे पोवाडे गाताना ही नामुष्की झाकली जाऊ नये.

त्यानंतर तरी वेग आला का? मुंबईभर कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची गरज २६/११ नंतर लगेच सर्वांनी मान्य केली. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. काम देण्यास २०१५ उजाडले आणि ९४९ कोटी रुपयांचा हा प्रकल्प, सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांसह, ऑक्टोबर २०१६ मध्ये पूर्णत्वास गेला. मधली आठ वर्षे शहर ईश्वराच्या भरवशावर होते. आधुनिकीकरणाच्या निधीचेही असेच आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत अनेक राज्यांबाबत हा निधी वेळेवर खर्च न झाल्याचे ताशेरे वारंवार आले आहेत. पैसा नाही म्हणून रड आणि आलेला पैसा ३१ मार्चला व्यपगत होतो म्हणूनही रड, हे दुहेरी दुखणे आहे. वर्षभर फाइल फिरते, फेब्रुवारीत मंजुरी येते आणि मार्चअखेरीस जे मिळेल ते घाईने खरेदी केले जाते. अशा खरेदीतून गरजेच्या वस्तूऐवजी पुरवठादाराच्या सोयीची वस्तू येते, हा साऱ्या सरकारी खात्यांचा अनुभव आहे.

खर्च कोणावर होतो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. महिलांच्या सुरक्षेसाठी केंद्राने २०१३ मध्ये निर्भया निधी स्थापन केला. त्यातून मुंबई पोलिसांनी जून २०२२ मध्ये वाहने घेतली. त्यांतील काही बोलेरो गाड्या त्याच वर्षी आमदार-खासदारांच्या सुरक्षा ताफ्यांकडे वळवल्याचे डिसेंबरमध्ये उघडकीस आले आणि टीकेची झोड उठली. त्या वेळी सत्तेवर कोण होते, याकडे पाहून या गोष्टीचे समर्थन किंवा निषेध करणे योग्य होणार नाही. भगिनींच्या रक्षणासाठी राखलेला पैसा लोकप्रतिनिधींच्या दिमाखासाठी वापरणे, हे कोणत्याही सरकारात चूकच. आपल्या विचारांचे सरकार असेल तेव्हा तर ही चूक अधिक परखडपणे दाखवली पाहिजे, कारण अपेक्षाही तेथेच अधिक असते.

क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताची कथा अशीच उद्बोधक आहे. खासगी स्वरूपाच्या, प्रचंड नफ्याच्या या सामन्यांसाठी पोलीस पुरवल्यास आयोजकांनी शुल्क भरावे, असा नियम आहे. ते वर्षानुवर्षे थकत गेले. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने हे शुल्क मोठ्या प्रमाणात घटवले आणि घटीचा लाभ २०११ पासून, म्हणजे मागील तारखेने दिला. २०२४ मध्ये एका जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने या उदारपणाबद्दल सरकारला खडे बोल सुनावले. जगातील श्रीमंत क्रीडासंस्थांत गणल्या जाणाऱ्यांना सवलत कशासाठी, हा न्यायालयाचा प्रश्न प्रत्येक करदात्याचा आहे. आषाढी वारीला किंवा गणेशोत्सवाला पोलीस बंदोबस्त लागतो, तो लाखो लोकांच्या श्रद्धेचे व समाजजीवनाचे रक्षण करण्यासाठी. तेथे शुल्काचा प्रश्न येत नाही. परंतु तिकिटे विकून आणि प्रक्षेपणाचे हक्क विकून चाललेल्या व्यवसायाला पोलिसांचे मनुष्यबळ फुकटात द्यायचे, आणि त्या रात्री त्याच शहरातील गस्त तोकडी पडू द्यायची, हा कोणता न्याय?

मनुष्यबळ मुळातच अपुरे आहे. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या आरंभी देशात एक लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९६, तर प्रत्यक्षात असलेले सुमारे १५३ होते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये १७,४७१ पदांसाठी भरती निघाली, तेव्हा १७ लाखांहून अधिक अर्ज आले. तरुण रांगेत उभे आहेत, जागाही रिकाम्या आहेत आणि तरीही भरती वर्षानुवर्षे लांबते, कारण रिक्त पद म्हणजे वाचलेला पगार, असा वित्त विभागाचा हिशेब असतो. २०२३ मध्ये मुंबईतील तुटवडा भरून काढण्यासाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान अकरा महिन्यांसाठी कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला. तातडीची गरज म्हणून तो समजून घेता येईल. परंतु कायद्याचे राज्य अकरा महिन्यांच्या कराराने चालत नाही.

या तुटीचा भार शेवटी वाहतो तो शिपाई. बारा-बारा, सोळा-सोळा तासांची कामगिरी, सण सगळ्यांचे आणि बंदोबस्त याचा. मुंबईत देवनार ठाण्यातील एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचा आराखडा स्वतः तयार करून वरिष्ठांपुढे ठेवला आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मे २०१६ मध्ये तो त्याच ठाण्यात अमलात आणून पाहिला, ही अलीकडच्या काळातील सुखद घटना. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याचे म्हणणे खात्याच्या प्रमुखाने ऐकून घेतले आणि पुढे तो प्रयोग शहरभर विस्तारला. मात्र माणसे कमी असली की असे प्रयोग टिकवणे अवघड जाते, आणि बंदोबस्ताचा मोसम आला की घड्याळ पुन्हा जुन्याच चालीने चालू लागते. घरांचेही तसेच. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या वाढल्या. पुनर्विकासात त्यांना घर देताना किंमत ५० लाख लावायची की २५ लाख, यावर घोळ चालला होता. २०२२ मध्ये ती १५ लाखांवर आणण्यात आली, हे स्वागतार्ह झाले. ज्याच्या मुलांना अभ्यासाला कोपरा नाही आणि निवृत्तीनंतर डोक्यावर छप्पर नाही, त्याच्याकडून शहराने शांत, सुसंस्कृत वर्तनाची अपेक्षा करावी, तर आधी त्याच्या घरातही शहराने डोकावून पाहिले पाहिजे.

पैसा, प्रशिक्षण आणि निर्धार यांची सांगड बसली तर काय घडते, याचे उत्तरही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथील तीन हल्ल्यांत जवळपास पन्नास पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. ते ज्या गाडीतून जात होते ती खासगी होती. अशा जखमा सोसत या जिल्ह्याच्या पोलिसांनी हिंमत सोडली नाही. १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून उभ्या राहिलेल्या सी-६० पथकाला खास प्रशिक्षण मिळाले, चांगली शस्त्रे मिळाली, जादा वेतनाचे प्रोत्साहन मिळाले, दुर्गम भागात मदत केंद्रे उभी राहिली, रस्ते व दूरध्वनी पोहोचले. केंद्राच्या सुरक्षा खर्चाची जोड मिळत राहिली. पोलिसांनी बंदुकीबरोबरच दाखले, शिबिरे आणि रोजगार मेळावे वनवासी बांधवांपर्यंत नेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांच्या रक्तपाताला मिळालेले हे वळण एका रात्रीत आलेले नाही. त्यामागे जवानांचे बलिदान आहे, आणि त्या बलिदानाला योग्य साधनांचे पाठबळ देणारी तरतूदही आहे. गडचिरोलीत जे जमले, ते गेवराईत, भिवंडीत किंवा मालवणीत का जमू नये?

आता तर नवे आव्हान पुढे आहे. इंग्रजांनी १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर जनतेला धाकात ठेवण्यासाठी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्याच काळातील दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. गुलामीचे जू उतरवण्याच्या दृष्टीने हे ऐतिहासिक पाऊल होय. नव्या कार्यपद्धतीनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरले आहे; झडती व जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. यासाठी तज्ज्ञ लागतील, वाहने लागतील, पुरावे साठवण्याची यंत्रणा लागेल. राज्याने २०२५ च्या आरंभी फिरत्या न्यायवैद्यक वाहनांचा पहिला टप्पा सुरू केला, ही चांगली सुरुवात आहे. तथापि कायदा स्वदेशी झाला आणि तरतूद मात्र जुन्याच बेताची राहिली, तर आरोपीचा वकील त्याच कायद्यातील पळवाट दाखवून त्याला सोडवून नेईल.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक पोलीस ठाण्याला स्वतःचे लहानसे का होईना अंदाजपत्रक असावे. तपासासाठी, प्रवासासाठी, स्टेशनरीसाठी ठाणेप्रमुखाच्या हाती आगाऊ रक्कम असावी आणि तिचा हिशेब दरमहा तपासला जावा. दुसरी, आधुनिकीकरणाचा निधी वर्षाच्या आरंभीच वितरित व्हावा आणि दारूगोळा व प्रशिक्षण यांच्या तरतुदीला आर्थिक काटकसरीच्या नावाखाली कात्री लागू नये. तिसरी, बंदोबस्त शुल्क, खासगी व्यक्तींना दिलेले संरक्षण आणि मिळालेल्या देणग्या यांचा तपशील दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवला जावा. चौथी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी जे निर्देश दिले, त्यांतील तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांच्या विभाजनाचा निर्देश महाराष्ट्राने मनापासून अमलात आणावा. २०१४ मध्ये राज्याने आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्त्या केल्या; पण बंदोबस्ताला माणसे कमी पडली की तपास करणाऱ्यालाच दोरखंड धरून उभे करण्याची रीत संपलेली नाही. यातील कोणत्याही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही. राजकीय इच्छाशक्ती तेवढी लागते.

आणि काही गोष्टी समाजालाही लागू आहेत. पोलिसाला शिव्या देणे सोपे असते. वाहतुकीचा नियम मोडल्यावर पाचशेची पावती घेण्याऐवजी शंभराची नोट पुढे करणारा सुशिक्षित नागरिक त्या दुसऱ्या, कोठेच न मांडल्या जाणाऱ्या अंदाजपत्रकात भर घालत असतो. त्याला पोलिसांच्या भ्रष्टाचारावर बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आझाद मैदानावर दंगलखोरांनी महिला पोलिसांवर हात टाकला, अमर जवान स्मारकाची विटंबना केली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे रक्त खवळले. ते खवळणे साहजिकच होते. मात्र पोलिसांविषयीची आत्मीयता संतापाच्या क्षणापुरती नसावी. आपल्या वस्तीतील पोलीस लाइनमध्ये मुलांसाठी अभ्यासिका आहे का, उत्सवाच्या बंदोबस्तावरील शिपायाला वेळेवर पाणी व जेवण मिळते का, आपल्या आमदाराने पोलीस प्रशासनाच्या मागणीवर एखादा तरी नेमका प्रश्न विचारला का, याची चौकशी कार्यकर्त्यांनी आणि जागरूक कुटुंबांनी केली पाहिजे. शाखेच्या मैदानावर शिस्तीचा संस्कार घेतलेल्या स्वयंसेवकाला हे काम अवघड नाही.

सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे निर्दालन हे ब्रीद महाराष्ट्र पोलिसांनी आपल्या मानचिन्हावर धारण केले आहे. त्या ब्रीदाला जागण्यासाठी प्राण देणारी माणसे या दलात आहेत, हे गिरगावच्या चौपाटीने आणि गडचिरोलीच्या जंगलाने सिद्ध केले आहे. त्या माणसांच्या हाती काय द्यायचे, हे ठरवण्याचे दायित्व राज्याचे आणि राज्याला जाब विचारणाऱ्या समाजाचे आहे. पोलिसाचा खर्च कोणी तरी सोसणारच आहे. तो समाजाने उघडपणे, कराच्या रूपाने आणि हिशेबासह सोसला, तर पोलीस समाजाचा राहील. समाजाने हात आखडता घेतला, तर तो खर्च सोसायला दुसरे लोक टपलेलेच आहेत, आणि मग पोलीस त्यांचा होईल. पुढच्या मार्चमध्ये जेव्हा ही मागणी पुन्हा सभागृहात येईल, तेव्हा आवाजी मतदानापूर्वी एवढा विचार झाला, तरी ओंबळे यांच्या स्मृतीला ते अल्पसे अभिवादन ठरेल.